आडवा वारा आणि शिकाऊ वैमानिक

विमान चालवावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे अपघात पाहू लागले, म्हणजे एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. विमानाचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, इंजिन बंद पडले, पंख मोडला, विमान धुक्यात डोंगरावर जाऊन आदळले, ते चित्र येथे क्वचितच आढळते. पुष्कळ वेळा विमान ठणठणीत असते, इंजिन सुरळीत चालू असते, आकाश निरभ्र असते. इतकेच नव्हे, तर विमान धावपट्टीवर टेकलेलेसुद्धा असते. आणि मग, सारे काही पार पडले असे वाटत असतानाच, ते एकाएकी एका बाजूला वळते, पट्टी सोडून गवतात शिरते आणि नाकावर किंवा एका पंखावर कलंडते. अमेरिकेत राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ अशा अपघातांचे अहवाल जनतेसाठी प्रसिद्ध करीत असते. ते वाचावयास बसले तर थोड्याच वेळात वाचणाऱ्याला कंटाळा येतो, इतके ते एकासारखे एक असतात. विद्यार्थी एकटाच होता. वारा आडवा होता. त्याने वाऱ्याचा पुरेसा प्रतिकार केला नाही. दिशेवरील ताबा सुटला. बस्स, चार ओळींत प्रकरण संपते.

सुदैवाने या अपघातांत प्राणहानी क्वचितच होते. परंतु म्हणून ते क्षुल्लक ठरत नाहीत. जमिनीला घासून पंखा वाकला की इंजिन संपूर्ण उघडून तपासावे लागते, आणि तो खर्च शिकणाऱ्याच्या कुटुंबाचे कंबरडे मोडणारा असू शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या तरुणाच्या हातून हे घडते त्याच्या मनात वाऱ्याचे एक भय कायमचे घर करून बसते, आणि भ्यालेला हात विमानावर असणे ही गोष्ट चांगली नव्हे. धुळे, बारामती, गोंदिया ही नावे आता आपल्याकडे वैमानिकांच्या शिक्षणाशी जोडली गेली आहेत. आपल्या शेजारच्या घरातला मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्यासाठी गेली आहे, असे सांगणारे लोक आज प्रत्येक गावात भेटतात. तेव्हा त्या चार ओळींच्या अहवालामागे खरोखर काय घडते, आणि “विद्यार्थ्याची चूक” या दोन शब्दांत ते सारे मावते काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमान आडव्या वाऱ्यातून चालले असता वारा त्याला एका बाजूने सारखा ढकलत असतो, आणि वैमानिक त्याच्याशी झुंजत असतो, असे आपल्याला वाटते. तसे मुळीच नाही. वारा एकसारखा वाहत असेल तर वर असलेल्या विमानाला तो जाणवतच नाही. कोकणातल्या खाडीत तरीवर बसलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. ओहोटीचे पाणी समुद्राकडे चालले आहे आणि तर पलीकडच्या धक्क्याला लागावयाची आहे. नावाडी होडीचे नाक सरळ धक्क्याकडे ठेवीत नाही. तो ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. नाक एकीकडे, जाणे दुसरीकडे, आणि तरी होडी बिनचूक धक्क्यालाच लागते. होडीच्या दृष्टीने पाहिले तर ती पाण्यातून सरळच चालली आहे. सरकते आहे ते सारे पाणी. विमानाचे अगदी असेच असते. हवेचा प्रचंड लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो आहे आणि विमान त्या लोंढ्यातून पोहत पश्चिमेकडे चालले आहे. पश्चिमेलाच पोहोचावयाचे असेल तर नाक थोडे उत्तरेकडे वळवून ठेवले म्हणजे झाले. वैमानिक याला खेकड्याची चाल म्हणतात, आणि हे नाव मला फार समर्पक वाटते.

म्हणजे वर असेपर्यंत काहीच बिघडत नाही. बिघडते ते जमिनीशी गाठ पडते तेव्हा. विमानाची चाके खेकड्याच्या पायांसारखी नसतात. ती गाडीच्या चाकांसारखी नाकाच्या दिशेनेच फिरतात. नाक एकीकडे आणि जाणे दुसरीकडे अशा स्थितीत चाके टेकली तर रबर आडवे घासले जाते, चाकाच्या दांडीवर बाजूने ताण येतो आणि विमानाला एक हिसका बसतो. होडीला ही अडचण नाही, कारण धक्क्याला लागल्यावर ती धक्क्यावर धावत सुटत नाही. विमान मात्र टेकल्यावर काही शे मीटर धावावयाचे असते. तोपर्यंत ते हवेच्या राज्यातले प्रजाजन होते. आता चारपाच सेकंदांत त्याला जमिनीच्या राज्यात यावयाचे असते. त्या चारपाच सेकंदांत दोन्ही राज्यांचे कायदे एकदमच लागू असतात, ही खरी अडचण आहे.

गंमत अशी की, विमानविद्येच्या आरंभीच्या काळात ही अडचण फारशी नव्हती. राइट बंधूंनी १९०४ साली ओहायो राज्यातील डेटन शहराजवळच्या एका कुरणात उड्डाणे केली, तेव्हा त्यांचे विमान लाकडी रुळावरून सुटत असे आणि वारा फिरला की तो रूळ उचलून पुन्हा वाऱ्याच्या तोंडाला मांडावा लागे. पुढे बरीच वर्षे विमानतळ म्हणजे एक मोठे गवताळ मैदान असे. वारा ज्या दिशेने येईल तिकडे तोंड करून उतरावे, कोणी अडविणारा नाही. आपल्याकडे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूला उतरले, ते जुहूचे मैदानही पावसाळ्यात असे चिखलून जाई की त्या दिवसांत टाटांची ही सेवा पुण्याहून चालवावी लागत असे. विमाने जड झाली, वेग वाढले, मऊ जमीन पुरेनाशी झाली आणि डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पट्ट्या आल्या. पट्टी आली की दिशा ठरली. वारा मात्र ठरलेल्या दिशेने वाहावयास बांधलेला नाही. तेव्हा आडव्या वाऱ्यात उतरण्याचा प्रश्न हा वाऱ्याने निर्माण केलेला नसून पक्क्या धावपट्टीने निर्माण केलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पट्टी आखताना त्या ठिकाणी बहुधा वारा कोणत्या बाजूने असतो ते पाहिले जाते, आणि मोठ्या विमानतळांवर दोन वेगळ्या दिशांच्या पट्ट्याही असतात. परंतु लहान गावी दुसऱ्या पट्टीला जागा कोठली आणि पैसा तरी कोठला?

आता थोडा हिशेब करू. कंटाळू नका, हा हिशेब विद्यार्थ्याला विमान चालवीत असतानाच मनात करावा लागतो, आपण तर खुर्चीवर बसून करणार आहोत.

धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेवरून आकडा दिलेला असतो. २७ क्रमांकाची पट्टी म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. समजा वारा २१० अंशांकडून, नैर्ऋत्येकडून, १४ नॉट वेगाने वाहतो आहे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. वारा पट्टीच्या डावीकडून ६० अंशांनी येतो आहे. यातला किती भाग समोरून आणि किती आडवा? त्रिकोणमिती सांगते की आडवा भाग सुमारे १२ नॉट. पण उतरताना कोष्टके कोण काढून बसणार? म्हणून वैमानिकांनी घड्याळाची एक युक्ती काढली आहे. अंशांना मिनिटे समजावयाचे. १५ अंशांचा फरक असेल तर पाव तास, म्हणजे वाऱ्याचा पाव भाग आडवा; ३० अंश म्हणजे अर्धा; ४५ म्हणजे पाऊण; ६० आणि त्यापुढे जवळजवळ पूर्ण. युक्ती थोडी ठोकळ आहे, पण जी चूक होते ती बहुतेक सावधगिरीच्या बाजूची असते, हा तिचा गुण.

आपला विद्यार्थी सेसना १७२ या जातीच्या विमानात आहे असे धरू. हे चार आसनांचे, एका इंजिनाचे, टनाच्या आसपास वजनाचे विमान १९५५ साली प्रथम उडाले, आणि आजवर अशी ४४,००० हून अधिक विमाने बांधली गेली. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बांधले गेलेले नाही. ते उतरावयास येते तेव्हा त्याचा वेग ६५ नॉट धरू. १२ नॉटच्या आडव्या वाऱ्यात सरळ रेषेत यावयाचे तर नाक सुमारे ११ अंश डावीकडे वळवून ठेवावे लागते. समोरच्या काचेच्या मध्यातून पट्टी दिसतच नाही; ती उजव्या अंगाला दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, आपण भलतीकडेच चाललो आहोत. आणि जर नाक सरळ करून विद्यार्थी स्वस्थ बसला तर? विमानाला स्वतःचे वजन असल्यामुळे ते क्षणभर सरळच जाते, नंतर वाऱ्याबरोबर वाहू लागते. एकदा ते पूर्ण वाहू लागले की १२ नॉट म्हणजे सेकंदाला सहा मीटर. ३० मीटर रुंदीच्या पट्टीच्या मध्यापासून कड १५ मीटरवर. अडीच सेकंदांत पट्टी संपली!

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, अगदी टेकेपर्यंत खेकड्याच्या चालीने यावयाचे आणि शेवटच्या क्षणी पायाने सुकाणू दाबून नाक सरळ करावयाचे, म्हणजे वाहू लागण्यापूर्वीच चाके टेकतात. हे सांगावयास सोपे. पण तो क्षण अर्धा सेकंद आधी किंवा नंतर आला की फसगत. दुसरा उपाय विद्यार्थ्यांना बहुधा शिकविला जातो. वाऱ्याकडचा पंख थोडा खाली झुकवावयाचा. झुकलेले विमान त्या बाजूला घसरू पाहते, आणि तेवढेच ते वाऱ्याने उलट वाहत असते. दोन्ही एकमेकांना कापतात. झुकल्यामुळे नाकही तिकडे वळू पाहते, म्हणून उलट पायाने सुकाणू दाबून ते पट्टीच्या रेषेत धरावयाचे. आपल्या उदाहरणात हातातले चाक डावीकडे आणि दाब उजव्या पायावर. अशा तिरप्या अंगाने विमान उतरते आणि प्रथम डावे चाक, मग उजवे, शेवटी नाकाखालचे चाक, या क्रमाने टेकते. एका पायावर उतरणे पाहणाऱ्याला वेंधळेपणाचे वाटते, परंतु आडव्या वाऱ्यात तेच बरोबर असते.

हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे, हे माणसाच्या शरीराला मंजूर नसते. सायकल घ्या, मोटार घ्या, जिकडे वळावयाचे तिकडे हात फिरवावयाचे, हे आपल्या अंगात मुरलेले. विमानातही हातात चाकासारखीच वस्तू असते, आणि हेच घात करते. जमिनीवर असताना त्या चाकाने विमान वळत नाही. ते चाक पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांना, ज्यांना एलेरॉन म्हणतात त्यांना, जोडलेले असते. एक झडप वर, दुसरी खाली, म्हणजे एक पंख खाली, दुसरा वर. जमिनीवरचे वळणे सारे पायांनी. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा अपघात तिच्यावर उभा आहे.

आता तो अपघात सेकंदा-सेकंदाने पाहू. आपला विद्यार्थी काही मूर्ख नाही. त्याने वाऱ्याचे कापडी नळकांडे पाहिले आहे, खेकड्याची चाल बरोबर धरली आहे, पट्टीवर येताच डावा पंख झुकविला आहे, उजवा पाय दाबला आहे. डावे चाक टेकते. उजवे टेकते. नाकाचे चाकही खाली येते. त्याच्या छातीतला श्वास मोकळा होतो, आणि त्याबरोबर हातही मोकळा होतो. चाक मध्यावर येते. त्याच्या मनात उड्डाण संपले आहे.

परंतु वाऱ्याच्या लेखी ते संपलेले नाही. विमान अजून ४०–४५ नॉट वेगाने धावत आहे, म्हणजे त्याचे अर्ध्याहून अधिक वजन अजून पंखांवर असू शकते. चाकांवर बेताचाच भार, त्यांची जमिनीवर पकड बेताची. आणि येथे एक विपरीत गणित सुरू होते. समोरून येणाऱ्या हवेचा वेग जसजसा कमी होतो तसतशी सुकाणूची आणि एलेरॉनची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वेग निम्मा झाला की शक्ती चौथाई उरते. आडवा वारा मात्र बारा नॉटचा बाराच राहतो. समोरची हवा ६० नॉटची असताना विमानाला वारा ११ अंशांच्या तिरकसपणाने लागतो, ३० नॉटला २२ अंशांनी, आणि १५ नॉटला जवळजवळ ४० अंशांनी. म्हणजे शत्रू तेवढाच आणि आपले हत्यार मात्र बोथट होत चाललेले! यावर उपाय एकच: जसजसा वेग कमी होईल तसतसे हातातले चाक वाऱ्याच्या बाजूला अधिकाधिक फिरवीत जावयाचे, अगदी शेवटपर्यंत. विद्यार्थ्याने नेमके उलट केले.

आता वाऱ्याचा एक झोत येतो. विमानाच्या शेपटाचा उभा पडदा म्हणजे देवळाच्या किंवा जुन्या इमारतीच्या माथ्यावरचा वातकुक्कुटच. वारा डावीकडून शेपूट उजवीकडे ढकलतो आणि नाक डावीकडे, वाऱ्याच्या तोंडाकडे वळते. त्याच वेळी डाव्या पंखाखाली वारा शिरतो आणि तो उचलला जातो. पट्टीची डावी कड वेगाने जवळ येऊ लागते. विद्यार्थ्याच्या मनातला मोटार चालविणारा माणूस जागा होतो आणि तो हातातले चाक उजवीकडे फिरवितो. त्याने काय झाले? पट्टीच्या दिशेने विमान तसूभरही वळले नाही. वळले ते एलेरॉन, आणि त्यांनी डावा पंख आणखी वर उचलला. आता तीन गोष्टी एकाच बाजूला काम करू लागल्या आहेत. वारा डावीकडून ढकलतो आहे, एलेरॉन उजव्या अंगावर पाडत आहेत, आणि विमान डावीकडे वळत असल्यामुळे वळणावरच्या एस्. टी. गाडीतला उतारू जसा बाहेरच्या अंगाला फेकला जातो तसे तेही उजवीकडेच फेकले जात आहे. डावे चाक जमिनीवरून सुटते. उजव्या पंखाचे टोक घासते. गवतात नाकाचे चाक रुतते, दांडी मोडते, पंखा जमिनीत शिरतो आणि इंजिन थांबते. टेकल्यापासून येथपर्यंत सहा-सात सेकंद.

काही वेळा प्रकार वेगळा होतो आणि तो अधिक भयंकर असतो. कड जवळ आलेली पाहून विद्यार्थी घाबरून इंजिनाला पुरी ताकद देतो आणि विमान उचलू पाहतो. पुन्हा वर जाणे हा उपाय उत्तम आहे. किंबहुना शिक्षक तोच शिकवितात. पण त्याची वेळ टेकण्यापूर्वी, विमान रेषेत राहत नाही असे दिसताच असते. उतरण्यासाठी पंखांमागचे फ्लॅप पूर्ण खाली सोडलेले, वेग जेमतेम, पुरी ताकद देताच विमान आपल्या इंजिनाच्या ओढीने डावीकडे झुकू पाहते, अशा स्थितीत नाक ओढून वर उचलले तर पंखांचा आधारच सुटतो. क्षुल्लक नुकसानीचा अपघात प्राणघातक होण्याची जी वाट आहे ती बहुधा या दारातून जाते.

यंत्रानेच हा प्रश्न सोडवावा, असे इंजिनिअरांना वाटणे साहजिक होते, आणि त्यांनी प्रयत्नही केले. ब्लेरिओने १९०९ साली ज्या विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली त्याची पुढची चाके खुर्चीच्या चाकांसारखी हवी तशी फिरत. (तरीही डोव्हरला झोतांच्या वाऱ्यात उतरताना त्याची चाकांची चौकट आणि पंखा मोडला, ही गोष्ट वेगळी, इतिहासाने त्या उतरण्याला अपघात म्हटले नाही, कारण पलीकडच्या तीरावर पोहोचणे हेच मोठे होते.) दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लहान विमानांसाठी अशी फिरती चाके विकत मिळत. १९४० च्या सुमारास फ्रेड वाइक या रचनाकाराचे एर्कूप विमान बाजारात आले; त्यात पायाने दाबावयाचे सुकाणूच नव्हते, सारे हातातल्या एकाच चाकाला जोडलेले. ते खेकड्याच्या चालीनेच टेकावयाचे आणि भक्कम चाके ते सरळ करून घ्यावयाची. १९५२ साली प्रथम उडालेल्या बी-५२ या अजस्र बाँबफेकी विमानाची चाके तर वीस अंशांपर्यंत वळवून, नाक तिरपे ठेवून उतरता येते. परंतु लहान विमानांत या युक्त्या टिकल्या नाहीत. टिकली ती एकच सुधारणा, आणि ती मात्र फार मोलाची: शेपटाखालचे चाक काढून ते नाकाखाली आणणे. जुन्या विमानांत वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असे. विमान जरा तिरपे झाले की मागचे वजन पुढे येऊ पाही आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेई. नाकाखाली चाक आल्यावर वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे गेला आणि तिरपे टेकलेले विमान आपोआप सरळ होऊ लागले. अपघात कमी झाले. पण यामुळे शिकणाऱ्यांचे पाय आळशी झाले, असे जुने शिक्षक म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही.

आता चुकीचा प्रश्न. सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यापुढे १५ नॉट हा आकडा दिलेला आहे. आपल्या विद्यार्थ्यापुढे १२ होते. मग पुस्तकाप्रमाणे तो सुरक्षित असावयास हवा होता ना? येथे शब्द नीट वाचले पाहिजेत. तो आकडा ‘करून दाखविलेला’ असा आहे, ‘मर्यादा’ असा नाही. कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकाने चाचणीच्या वेळी तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखविले, इतकाच त्याचा अर्थ. अमेरिकेचे जुने नियम तर उतरण्याच्या स्थितीतील विमानाच्या किमान वेगाच्या एक-पंचमांश आडव्या वाऱ्यात ताबा राहिला म्हणजे पुरे मानीत. विमान काय करू शकते हे तो आकडा सांगतो. वीस-पंचवीस तास उडालेला मुलगा काय करू शकतो याबद्दल तो काही बोलत नाही. ती मर्यादा ठरविण्याचे काम शिक्षकाचे आहे. शिक्षक सही करतो तेव्हाच विद्यार्थी एकटा उडू शकतो, आणि आज इतक्या नॉटपेक्षा वारा अधिक असेल तर जाऊ नको, असे त्याला लिहून देता येते.

आणि शिक्षणातच एक पेच आहे, ज्याबद्दल मला वाटते पुरेसे बोलले जात नाही. आपल्या देशावरच्या मुलखात चैत्र-वैशाखात दुपारी जमीन तापली की हवा उसळू लागते, माळावर वावटळी फिरू लागतात, वाऱ्याची दिशा घटकेत बदलते. सकाळी मात्र हवा विहिरीच्या पाण्यासारखी निवांत. साहजिकच नवशिक्यांना पहाटे उडवितात, आणि ते योग्यच आहे. पण विद्यार्थ्याची सारी उतरणी त्या निवांत हवेतच झाली, तर कागदावर तास भरतात आणि वारा मात्र अनोळखीच राहतो. मग एके दिवशी फेरी लांबते, परत येताना दहा वाजून गेलेले असतात, आणि ज्याच्याशी कधी हातमिळवणी केली नाही त्याच्याशी एकदम कुस्ती. शिवाय शिक्षक शेजारी असताना त्याचे पाय सुकाणूच्या पट्ट्यांवर हलकेच टेकलेले असतात. विद्यार्थ्याला वाटते आपण नीट उतरविले, आणि त्यातला थोडा भाग त्या न दिसणाऱ्या पायांचा असतो. शिक्षक खाली उतरला की ते पाय जातात. त्याचे सत्तर-ऐंशी किलो वजनही जाते, विमान हलके होते आणि टेकण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक वेळ तरंगत राहते, म्हणजे वाऱ्याला अधिक वेळ मिळतो.

चांगले शिक्षक यावर एक साधा उपाय करतात. वाऱ्याच्या दिवशी ते स्वतः शेजारी बसून विद्यार्थ्याला पट्टीवरून, न टेकता, काही फूट उंचीवर शेवटपर्यंत न्यावयास लावतात. पंख झुकलेला, नाक सरळ, मधली पांढरी रेघ दोन चाकांच्या मध्ये, आणि पट्टी संपत आली की पुन्हा वर. टेकण्याचा ताण नाही, आणि हात-पायांना ती उलटी जोडी शिकावयास दोन-तीन सेकंदांऐवजी चांगली पंधरा-वीस सेकंदे मिळतात. शिवाय या सरावातून आणखी एक गोष्ट आपोआप घडते: न उतरता परत वर जाणे ही नामुष्की नसून रोजचीच एक क्रिया आहे, हे विद्यार्थ्याच्या मनात बसते. कारण पट्टीच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्या सोबत्यांसमोर तिसऱ्यांदा परत वर जाण्याची लाज वाटली, म्हणून बिघडलेले उतरणे तसेच पुढे रेटले, अशी किती प्रकरणे त्या चार ओळींच्या अहवालांमागे असतील, हे अहवालात कधीच येत नाही.

आपल्यापैकी जे मोठ्या विमानांतून प्रवास करतात त्यांना पावसाळ्याच्या दिवसांत हे सारे पाहावयास मिळू शकते. मोठ्या जेट विमानाचा पंख फार झुकविता येत नाही, कारण पंखाखालची इंजिने जमिनीला लागतील. म्हणून त्यांचे वैमानिक बरेचसे खेकड्याच्या चालीनेच येतात आणि शेवटी पायाने नाक सरळ करतात. ओल्या पट्टीवर ते विमान मुद्दाम जरा दणका देऊन टेकवितात, म्हणजे चाकांखालचे पाणी फाटून रबराला पट्टी मिळते. आपण त्या दणक्याला नाके मुरडतो. खिडकीजवळ जागा मिळाली आणि वारा आडवा असला, तर टेकण्यापूर्वी पट्टीच्या दिव्यांची रांग कोणत्या कोनात दिसते ते पाहावे, आणि टेकल्यानंतर पंखाच्या मागच्या कडेकडे लक्ष ठेवावे. विमान जमिनीवर धावू लागल्यानंतरही वाऱ्याकडच्या पंखावरची झडप वर उचललेलीच दिसेल.